ऑलिव्हरचं रक्त आणि बॉब फॅगिनचं नाव

१

आठवीला आम्हाला इंग्रजीच्या जोडवाचनाला एक पातळ पुस्तक होतं. 'ऑलिव्हर ट्विस्ट', संक्षिप्त. आम्ही बोर्डिंगातली पाच पोरं मागच्या दोन बाकांवर बसायचो. आमच्यासाठी ते पुस्तक इंग्रजीचं नव्हतंच, ते पोटाचं होतं. ते वाडगं आमचं होतं. ती पातळ पेज आमची होती, फक्त आमच्याकडं तिला आमटी म्हणत आणि तिच्यात डाळ शोधावी लागे. दुसरी भाकरी मागितली की आमचा वाढपीसुद्धा त्या गोऱ्या माणसासारखाच बघायचा.

शिकवता शिकवता गुरुजी म्हणाले, "पोरगं कुठं वाढलं? भिकाऱ्यांत. राहिलं कुठं? चोरांत. तरी हात चोरीला धजला नाही. का? रक्त! खानदानी रक्त लपत नाही." आणि त्यांनी वर्गावरून नजर फिरवली. मागच्या बाकांपाशी ती थांबली नाही. आम्हाला ओलांडून भिंतीवर गेली.

गुरुजींनी आम्हाला शिवी दिली नाही, काही नाही. पण एका वाक्यात ऑलिव्हर आमच्याकडून काढून घेतला. भूक आमची ठेवली, चांगुलपणा तेवढा घेऊन गेले.

पुढं इंग्रजी बऱ्यापैकी कळायला लागल्यावर मी मूळ जाड पुस्तक वाचलं. गुरुजींना खोटं पाडायचं म्हणूनच वाचलं, हे कबूल करतो. आणि मित्रांनो, वाईट हे की गुरुजी पुस्तकाच्या बाहेरचं काही बोलले नव्हते. पण त्यांनी अर्धंच वाचलं होतं. उरलेलं अर्धं तुमच्यापुढं मांडतो.

२

आधी कायदा बघू. कारण ह्या कादंबरीतलं पहिलं दुष्ट पात्र माणूस नाही, कायदा आहे.

इंग्लंडात १६०१ पासून गरिबांना पोसायची जबाबदारी गावच्या पॅरिशवर होती. श्रीमंतांकडून पट्टी घ्यायची आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना, अनाथांना, बेकारांना द्यायची. एकोणिसाव्या शतकात पट्टी वाढली, तशी जमीनदार आणि धंदेवाले ओरडायला लागले. माल्थस नावाचा पाद्री अर्थशास्त्रज्ञ आधीपासून सांगतच होता, की गरिबांना मदत केली तर ते पोरं वाढवतात आणि आणखी गरीब होतात. हा माल्थस १८०५ पासून १८३४ साली मरेपर्यंत हेलीबरीच्या कॉलेजात प्राध्यापक होता. तिथं ईस्ट इंडिया कंपनीचे साहेब तयार व्हायचे. म्हंजे आपल्या आजा-पणज्यांवर राज्य करायला आलेली पोरं त्याच्याच हाताखालून शिकून आली.

१८३२ साली रॉयल कमिशन बसलं. नासाऊ सीनिअर आणि एडविन चॅडविक ह्यांनी अहवाल लिहिला आणि १८३४ साली नवा गरीब-कायदा आला. त्याचं सूत्र साधं होतं. सरकारी मदतीवर जगणाऱ्याची हालत बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुरापेक्षा वाईट पाहिजे. बाहेरचा मजूर अर्धपोटी, तर आतला पाव पोटी. घरी बसून मदत बंद करायची, पाहिजे असेल तर वर्कहाऊसात या. इंग्लंड-वेल्समधल्या सुमारे पंधरा हजार पॅरिशींचे सहाशेच्या आसपास गट पाडले आणि गटागटाला वर्कहाऊस उभं राहिलं. आत गेलं की नवरा एकीकडं, बायको दुसरीकडं, पोरं तिसरीकडं. अंगावर सरकारी कपडे. अन्नाचे तक्ते लंडनहून ठरून यायचे, औंसावर मोजलेले.

ह्यात कुणी एक माणूस राक्षस नव्हता, हे ध्यानात घ्या. सगळे शिकलेले, सभ्य, आकडेमोड करणारे. गरिबी हा गरिबाचा गुन्हा आहे एवढं एकदा मान्य केलं, की पुढचं सगळं हिशोबानं येतं. १८३२ च्या शरीरशास्त्र कायद्यानं आणखी एक सोय करून ठेवली होती. वर्कहाऊसात मेलेल्याचं प्रेत कुणी मागायला आलं नाही, तर ते डॉक्टरी शिकणाऱ्यांना फाडायला द्यायचं. जिवंतपणी पेज, मेल्यावर सुरी. १८४५ साली अँडोव्हरच्या वर्कहाऊसातली गोष्ट बाहेर आली. खतासाठी हाडं कुटायला बसवलेली माणसं भुकेनं त्या कुजक्या हाडांतला गर चोखत होती. ह्या बोभाट्यानंतर कमिशन बदललं, कायदा मात्र राहिला. वर्कहाऊसं कागदोपत्री १९३० साली संपली आणि गरीब-कायदा पुरता गेला तो १९४८ साली.

'ऑलिव्हर ट्विस्ट' ह्या कायद्याच्या ऐन भरात आलं. फेब्रुवारी १८३७ पासून एप्रिल १८३९ पर्यंत 'बेंटलीज मिसलेनी' नावाच्या मासिकात हप्त्याहप्त्यानं. लिहिणारा चार्ल्स डिकन्स सुरुवातीला पंचवीस वर्षांचा होता. तुमच्याच वयाचा पोरगा. ज्या कायद्याला पार्लमेंटनं शहाणपण म्हटलं, त्याला त्यानं भर बाजारात खून म्हटलं.

३

आता ते प्रसिद्ध वाडगं.

सगळ्या जगाला चित्र माहीत आहे. एक गोंडस पोरगा वाडगं पुढं करून आणखी मागतो. आपण त्याला एका धीट पोराची गोष्ट समजतो. पुस्तकात तसं नाही. तीन महिने पोरं भुकेनं झुरतात. एक उंच पोरगा असतो, त्याच्या बापाची छोटी खानावळ होती, त्यामुळं त्याला असल्या भुकेची सवय नाही. तो सांगतो की रोज एक वाडगं जादा मिळालं नाही, तर शेजारी झोपणाऱ्याला मी एखाद्या रात्री खाऊन टाकीन. मग पोरांची सभा भरते. चिठ्ठ्या पडतात. चिठ्ठी ऑलिव्हरच्या नावावर येते, म्हणून तो उठतो.

मित्रांनो, ही सभा विसरू नका. 'आणखी' हे मागणं ऑलिव्हरचं नव्हतं, ते वॉर्डाचं होतं. ऑलिव्हर फक्त त्यांचा पाठवलेला माणूस. पण शिक्षा कुणाला झाली? त्याला एकट्याला. कोंडून घातला आणि दाराबाहेर पाटी लावली, हा पोरगा जो नेईल त्याला पाच पौंड बक्षीस. धुराडी साफ करणारा एक जण पोर न्यायला आला, तर बोर्डानं त्याच्याशी घासाघीस करून रक्कम साडेतीन पौंडांवर आणली. व्यवस्था सभेला उत्तर देत नाही. एकाला बाजूला काढते आणि बदनाम करते. हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

नावाचंही बघा. ऑलिव्हरला आडनाव आईबापाचं नाही, पॅरिशच्या शिपायानं, बंबलनं दिलेलं. टाकून दिलेल्या पोरांना तो बाराखडीनं नावं देतो. आधीच्याचं एस् वरून, ह्याचं टी वरून, पुढच्याचं यू वरून तयारच आहे. पोर जन्मायच्या आधी त्याचं नाव यादीत. मनूनं शूद्राचं नाव तिरस्कार दाखवणारं असावं असं सांगून ठेवलं, आणि आपल्या वस्त्यांत धोंड्या, कचऱ्या, दगड्या झाले. बंबलनं मनू वाचला नसणार. गरज नव्हती.

४

इथपर्यंत डिकन्स आपला. इथून पुढं वाट फुटते.

१८४१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यानं सांगितलं, की कसल्याही वाईट परिस्थितीतून टिकून शेवटी जिंकणारा चांगुलपणा मला ऑलिव्हरच्या रूपानं दाखवायचा होता. छान. पण हा चांगुलपणा येतो कुठून? पोरगा जन्मला वर्कहाऊसात. आई बाळंतपणात मेली. वाढला मिसेस मानच्या घरी, जिथं पोरं उपासानं मरत. शिकवलं कुणी नाही. तरी तो बोलतो कसा? शुद्ध, स्वच्छ, सभ्य घरातल्या पोरासारखं. त्याच्या भोवतीचे सगळे आपापल्या गल्लीची भाषा बोलतात आणि हा एकटा प्रमाण इंग्रजी! लंडनच्या खिसेकापूंत राहूनही त्याची जीभ बाटत नाही.

शेवटी उलगडा होतो. बाप सभ्य घरचा, पैसेवाला. आई नौदलातल्या अधिकाऱ्याची मुलगी. गुरुजी, तुमचं रक्त सापडलं!

त्याहून गंमत बापाच्या मृत्युपत्रात आहे. मुलगा झाला तर संपत्ती त्याला मिळेल, पण एका अटीवर. सज्ञान होईपर्यंत त्यानं उघडपणे नावाला बट्टा लावणारं काही केलेलं नसावं. म्हणून तर त्याचा सावत्रभाऊ मंक्स त्याला चोर बनवायला धडपडतो. एकदा चोर ठरला की वारसा गेला. म्हंजे ऑलिव्हर चोर होतो की नाही, ह्या प्रश्नाच्या पोटात इस्टेटीचा प्रश्न आहे. चांगुलपणाला तीन हजार पौंडांची शेपटी आहे.

आता ज्यांना रक्त नाही, त्यांचं काय झालं ते मोजा.

छोटा डिक. ऑलिव्हरचा वर्कहाऊसातला दोस्त. ऑलिव्हर पळून जाताना ह्यानंच त्याला आशीर्वाद दिला. ऑलिव्हर एवढाच चांगला, किंवा जास्तच. त्याला कुणी ब्राउनलो साहेब भेटत नाही. ऑलिव्हर सुखी होऊन परत येतो तेव्हा डिक मेलेला असतो.

डॉजर. उपाशी, पाय सुजलेल्या ऑलिव्हरला पहिल्यांदा पोटभर खायला घालणारा हाच. मतलबानं घातलं असेल, पण घातलं. एका क्षुल्लक तपकिरीच्या डबीसाठी त्याला काळ्यापाण्यावर पाठवतात. कोर्टात तो न्यायाधीशाचीच उलटतपासणी घेतो. आख्ख्या पुस्तकात कायद्याच्या तोंडावर हसणारा तोच एक.

आणि नॅन्सी. मला विचाराल तर ह्या कादंबरीची नायिका नॅन्सी. लहानपणापासून फॅगिननं चोरीला लावलेली. तिचे आईबाप कोण, लेखक सांगत नाही. शेवटी एखादं लॉकेट निघत नाही, मृत्युपत्र निघत नाही. ती ऑलिव्हरला वाचवायला साइक्सला गुंगी घालून बाहेर पडते, मोठ्या हॉटेलात जाते, तिथल्या मोलकरणींचे टोमणे ऐकते, सगळी हकिगत सांगते, आणि पैसे देऊ केले तर घेत नाही. पुढं लंडन ब्रिजवर पुन्हा भेटते. त्यापायी साइक्स तिला ठार मारतो. पुस्तकात सगळ्यात महाग पडलेला चांगुलपणा तिचा आहे आणि त्याला वंशावळ नाही.

हेच ते उरलेलं अर्धं. डिकन्सचा सिद्धांत सांगतो की चांगुलपणा रक्तात असतो. डिकन्सची नॅन्सी त्या सिद्धांताच्या तोंडात मारते. उलट मंक्सचं बघा. त्याच सभ्य बापाचं औरस पोर, आणि सगळ्यात नासका. लेखकाला जे म्हणायचं होतं त्यापेक्षा त्याला जे दिसलं होतं ते मोठं होतं. आणि त्यानं पाहिलं होतं, हे मी आता इतिहासानं सांगतो.

५

१८२४ चा फेब्रुवारी. चार्ल्स डिकन्स नुकताच बारा वर्षांचा झालेला. बाप कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात गेला. पोराला हंगरफर्डच्या धक्क्यावर बुटाच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात लावलं. उंदरांनी भरलेली मोडकी इमारत. डब्यांना कागद बांधायचे, चिठ्ठ्या चिकटवायच्या. आठवड्याला सहा शिलिंग.

तिथं एक मोठा पोरगा होता. अनाथ, नावाडी मेव्हण्याकडं राहणारा. त्यानं चार्ल्सला दोरी कशी बांधायची ते शिकवलं. कारखान्यातले चार्ल्सला 'छोटे साहेब' म्हणत. दुसरा एक पोरगा त्यावर उखडला, तर ह्यानं त्याला गप्प केलं. एकदा चार्ल्सच्या बरगडीत जुनं दुखणं उठलं. ह्या पोरानं गवताचं अंथरूण केलं, पॉलिशच्या रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरून अर्धा दिवस शेकत बसला. संध्याकाळी म्हणाला, एकटा कसा जाशील, मी घरापर्यंत पोचवतो.

आता चार्ल्सची पंचाईत. घर कुठलं? बाप तुरुंगात. ते सांगायचं कसं? त्यानं बरेच बहाणे केले, पण हा माया करणारा पोरगा ऐकेना. शेवटी साऊथवर्क पुलाजवळ एका परक्या घराच्या पायरीवर चार्ल्स थांबला. हेच माझं घर म्हणाला आणि हात मिळवून निरोप घेतला. दोस्तानं मागं वळून पाहिलं तर पकडले जाऊ, म्हणून दार ठोठावलं. बाईनं दार उघडल्यावर विचारलं, रॉबर्ट फॅगिन साहेब इथंच राहतात का?

कारण त्या पोराचं नाव होतं बॉब फॅगिन.

ही हकिगत डिकन्सनं स्वतः लिहून मित्राला, जॉन फॉर्स्टरला दिली होती. १८७० साली डिकन्स मेल्यावर फॉर्स्टरनं ती चरित्रात छापली. तोवर त्याच्या पोरांनाही ठाऊक नव्हती.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो. कॉलेजात असताना एका मित्राच्या स्कूटरवरून मी घरी यायचो. तो म्हणायचा, दारापर्यंत सोडतो. मी एक चौक आधीच उतरायचो. तिथं एक गुलमोहर असलेला बंगला होता. त्या फाटकाला हात लावून मी उभा राहायचो आणि स्कूटर वळेपर्यंत हलायचो नाही. मग नाल्यावरून वस्तीत. त्या मित्राचा काही दोष नव्हता. तो चांगलाच होता. म्हणूनच जास्त लाज वाटायची.

पण मी त्या मित्राचं नाव कुठल्या राक्षसाला दिलं नाही. डिकन्सनं दिलं. ज्यानं शेकलं, शिकवलं, पाठीशी उभा राहिला, त्याचं नाव त्यानं पोरांना चोर बनवणाऱ्या म्हाताऱ्याला चिकटवलं. का? मला वाटतं, बॉबच्या मायेत त्याला एक धोका दिसत होता. ही पोरं आपल्याला आपलं म्हणतायत, म्हंजे आपण ह्यांच्यातलेच झालो. फॅगिनच्या अड्ड्यावर ऑलिव्हरला काय मिळतं? जेवण, ऊब, हसणं. आणि पुस्तक ओरडून सांगतं, सावध, इथंच तू बुडशील. बारा वर्षांच्या पोराची ही लाज आहे. पंचवीस वर्षांच्या लेखकानं तिचं पापपुण्य केलं.

६

आणि ह्या फॅगिनला त्यानं ज्यू केलं.

नुसता ज्यू केला नाही. पानापानावर नावाऐवजी 'तो ज्यू' लिहिलं, शेकडो वेळा. साइक्स ख्रिश्चन आहे, खुनी आहे, पण त्याला कुणी 'तो ख्रिश्चन' म्हणत नाही. साइक्सचा गुन्हा साइक्सचा. फॅगिनचा गुन्हा जमातीचा. ह्याच राजवटीनं १८७१ साली हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मलेलं पोर पाळण्यातच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली गेला. पारध्या-कैकाड्यांच्या पाठीवरचा शिक्का अजून पुरता गेलेला नाही. ऑलिव्हरचं रक्त त्याला चांगला करतं, फॅगिनचं रक्त त्याला वाईट करतं. एकाच नाण्याच्या दोन बाजू, आणि ते नाणं आपल्या ओळखीचं आहे.

पण इथं एक बाई उभी राहते. एलिझा डेव्हिस. तिच्या नवऱ्यानं डिकन्सचं लंडनमधलं घर विकत घेतलेलं, ओळख तेवढीच. १८६३ साली तिनं डिकन्सला पत्र लिहिलं, की तुम्ही आमच्या लोकांवर मोठा अन्याय केला आहे. डिकन्स तेव्हा जगात गाजलेला. त्यानं जे उत्तर दिलं ते आपल्याला तोंडपाठ आहे. त्या काळी तसले गुन्हेगार बहुधा ज्यूच असत, पुस्तकात वाईट ख्रिश्चनही आहेत, माझ्या मनात तुमच्या लोकांबद्दल काही नाही. 'माझे पुष्कळ मित्र तुमच्यातले आहेत' ह्याच जातीचं उत्तर.

बाई गप्प बसली नाही. पुन्हा लिहिलं. आणि मग काहीतरी हललं. १८६४-६५ च्या 'अवर म्युच्युअल फ्रेंड' मध्ये त्यानं रिया नावाचा सज्जन ज्यू म्हातारा आणला. १८६७ च्या नव्या आवृत्तीत 'ऑलिव्हर ट्विस्ट' च्या पुढच्या प्रकरणांतून 'तो ज्यू' हे शब्द जागोजाग काढून फॅगिन किंवा 'तो' केलं. पूर्वार्धात मात्र बरंचसं तसंच राहिलं. अर्धीच दुरुस्ती. पण ती एका वाचक बाईनं, पत्र लिहून, जिवंत लेखकाकडून करून घेतली.

राहिलेल्या अर्ध्याचं काय होतं तेही सांगतो. १९४८ साली डेव्हिड लीननं सिनेमा काढला, त्यात फॅगिनला पुन्हा तेच लांब नाक लावलं. साठ लाख ज्यू मारले गेले त्याला तीन वर्षं झाली होती. १९४९ साली बर्लिनमध्ये वाचलेल्या ज्यूंनी थिएटरवर निदर्शनं केली. अमेरिकेत तो सिनेमा कापाकापी करून १९५१ साली दाखवावा लागला. शंभर वर्षांपूर्वीचं विशेषण, पण जखम ताजी.

आणि डिकन्सची करुणा कुठपर्यंत पोचत होती? १८५७ च्या ऑक्टोबरात, बंडाच्या बातम्या ऐकून, त्यानं एका खाजगी पत्रात लिहिलं की मी हिंदुस्थानचा सरसेनापती असतो, तर ह्या लोकांचा वंशच पुसून टाकायचा प्रयत्न केला असता. वर्कहाऊसातल्या पोरासाठी रडणारा हाच माणूस. म्हणून त्याला फेकून द्या असं मी म्हणत नाही. त्याची कणव आणि त्याचा द्वेष दोन्ही एकाच हातानं लिहिलेत, आणि दोन्ही वाचले पाहिजेत, एवढंच माझं म्हणणं.

७

मग आपण ह्यातून काय घ्यायचं?

आपणही लिहितोय. आपल्या कथांत बघा, नायक कसा असतो. वस्तीतला, पण वस्तीसारखा न बोलणारा. दारू न पिणारा, शिवी न देणारा, पहिल्या नंबरानं पास होणारा. भोवतीचे सगळे चिखलात आणि हा एकटा कमळ. हा ऑलिव्हरच आहे, आपण त्याला निळा सदरा घातलाय. आपल्या गल्लीतल्या नॅन्सीचं, डॉजरचं, डिकचं काय? त्यांच्यात चांगुलपणा दिसला तर तो लिहायला आपला हात का थरथरतो? बुद्धानं माणूस जन्मानं नाही, कृतीनं ठरवला. ते आपण भिंतीवर लिहितो. कागदावर लिहायचं राहिलंय.

आणि आपापला बॉब फॅगिन आठवा. ज्यानं आपल्याला दोरी बांधायला शिकवलं आणि ज्याच्यासोबत दिसायची पुढं लाज वाटली. माझा बॉब बोर्डिंगातला होता. त्याच्या वाटची भाकरी तो मला परीक्षेच्या दिवसांत द्यायचा. आठवी नापास होऊन तो वीटभट्टीवर गेला. एकदा स्टँडवर त्यानं मला हाक मारली. सोबत ऑफिसातले लोक होते. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

गुरुजींनी आमच्याकडून ऑलिव्हर काढून घेतला, असं मी वर लिहिलं. पण स्टँडवर गुरुजी नव्हते. तिथं मी होतो.

जयभीम.